दही-चक्क्याच्या लाइनवर पाइपातले पीएच मीटर: बसवणे, जुळवणे, टिकवणे

विरजण लावलेले दूध ४२-४३ अंशांवर असते तेव्हा पीएच ६.५ वरून ४.६ पर्यंत यायला साधारण ४ ते ६ तास लागतात. पण हा उतार सारखा नसतो. सुरुवातीला तासभर आकडा जेमतेम हलतो. ६.२ ते ५.० हा टप्पा मात्र झपाट्याने जातो, दर ७-८ मिनिटांना ०.१ इतकासुद्धा. शेवटी वेग पुन्हा कमी होतो. आता बाटलीत नमुना काढायचा, जिना चढून लॅबला न्यायचा, निववायचा, मोजायचा आणि खाली फोन करायचा, एवढ्यात दहा-बारा मिनिटे सहज जातात. टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला कळतो तो दहा मिनिटांपूर्वीचा पीएच. पाइपात किंवा टाकीत कायम बसवलेल्या प्रोबचा, म्हणजे पीएच मोजणाऱ्या दांडीचा, खरा उपयोग इथे आहे: गार करणे नेमके कधी सुरू करायचे हे वेळेवर कळते.

म्हणून पैसे एकाच प्रोबपुरते असतील तर तो दह्याच्या टाकीवर किंवा चक्क्याच्या सेपरेटरकडे जाणाऱ्या लाइनवर लावा. चक्का सेपरेटरने काढताना दह्याचा पीएच ४.५ ते ४.६ हवा. ४.७ च्या वर असताना सोडले तर केसीन पूर्ण गोळा झालेले नसते, बारीक कण निवळीबरोबर जातात आणि नोझल तुंबायला लागतात. निवळी हिरवट-पिवळी, स्वच्छ यायच्या ऐवजी दुधाळ दिसते. ते दुधाळ पाणी म्हणजे तुमचा वाहून गेलेला चक्का. दुसरा प्रोब पनीरच्या लाइनवर, सायट्रिक आम्ल सोडता तिथे. म्हशीच्या दुधाचे पनीर ७० अंशांच्या आसपास फाडताना ५.३-५.३५ पाशी थांबायचे असते आणि हाताच्या अंदाजाने रोज तिथेच थांबणे अवघड जाते.

डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेता तिथे, कच्च्या दुधाच्या लाइनवर, प्रोब लावायला हरकत नाही, पण त्याच्यावर दूध पास-नापास करू नका. चांगले दूध २५ अंशांना ६.६ ते ६.८ असते. आंबट झालेल्या दुधात कोणी सोडा टाकून आणले तर पीएच ६.७ असा छान दिसेल आणि फसवेल. सीओबी (उकळून दूध फाटते का ते पाहणे), आम्लता आणि न्यूट्रलायझरसाठीची रोझॉलिक आम्लाची चाचणी यांची जागा पीएच घेऊ शकत नाही. सीआयपीच्या, म्हणजे पाइप-टाक्या न उघडता आतून धुण्याच्या, परतीच्या लाइनवर तर पीएचपेक्षा कंडक्टिव्हिटी मीटरच जास्त कामाचे, स्वस्त आणि दणकट आहे.

तापमानाचा घोळ आधी सोडवा

लाइनवरचा आकडा आणि लॅबचा आकडा जुळत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. निम्म्याहून अधिक वेळा दोन्ही मीटर बरोबर असतात आणि घोळ तापमानाचा असतो. यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली गोष्ट प्रोबची. काचेचा इलेक्ट्रोड पीएचच्या एका अंकाला किती मिलिव्होल्ट देतो हे तापमानावर ठरते: ४ अंशांना ५५, २५ अंशांना ५९.२, ४३ अंशांना ६२.७. ट्रान्समीटरला, म्हणजे प्रोबचा सिग्नल आकड्यात दाखवणाऱ्या डब्याला, तापमान कळले तर तो हे आपोआप सांभाळतो. त्यालाच ऑटोमॅटिक टेम्परेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे एटीसी, म्हणतात. ते बंद राहिले किंवा तापमानाची तार तुटून मीटर २५ अंश धरून बसला, तर ४३ अंशांच्या टाकीत पडद्यावर ४.६० दिसते तेव्हा खरा पीएच असतो ४.७४. शिफ्टवाला वेळेवर गार करतो, तरी दही कच्चे राहते. पीएच ७ जवळ ही चूक जवळपास शून्य असते. म्हणूनच डॉकवरच्या दुधात ती कधी सापडत नाही, नेमकी दह्यात सापडते.

दुसरी गोष्ट दुधाची स्वतःची. दूध गार असताना त्याचा पीएच खरोखरच जास्त असतो आणि तापवले की खरोखरच कमी होतो. गरम होताना दुधातले कॅल्शियम फॉस्फेट कमी विरघळते, ते केसीनच्या कणांत जाऊन बसते आणि त्या बदल्यात हायड्रोजन आयन सुटतात. ढोबळमानाने दर अंशाला ०.०१ धरा. सायलोतल्या ४ अंशांच्या दुधाचा आकडा २५ अंशांच्या लॅबपेक्षा सुमारे ०.२ ने जास्त येणारच. एटीसी हा फरक काढत नाही. त्याने तो काढावा अशी अपेक्षाही ठेवू नका, कारण तो फरक खरा आहे. दह्यात, ४.६ च्या आसपास, फॉस्फेट आधीच विरघळलेले असते, त्यामुळे तिथे हा परिणाम तितका मोठा नसतो.

उपाय सोपा आहे. आपल्याच प्लँटचे दूध घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्या, तेच दूध ५, १५, २५, ३५ आणि ४३ अंशांना मोजा आणि तक्ता करून ट्रान्समीटरशेजारी चिकटवा. गाईचे आणि म्हशीचे वेगळे करा. पुण्यात लॅबचे तापमानही स्थिर नसते: डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांच्या आत, एप्रिल-मेच्या दुपारी ३५ च्या वर. "रूम टेम्परेचर" असे नोंदवहीत लिहून भागत नाही. प्रत्येक पीएचच्या पुढे तापमान लिहायचेच, लॅबचेही आणि लाइनचेही.

प्रोब कोणता घ्यावा

दुधात प्रोब बिघडतो तो बहुधा काचेमुळे नाही, रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या, बाजूने. त्याचा द्रव आणि दूध जिथे भेटतात त्या डायफ्रॅमच्या बारीक छिद्रांत प्रथिने बसतात. त्यातच इलेक्ट्रोलाइटमधली चांदी प्रथिनांतल्या गंधकाशी मिळून काळे सिल्व्हर सल्फाइड करते. छिद्र बुजले की आकडा सुस्तावतो आणि हळूहळू सरकतो. घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: रेफरन्समध्ये चांदीचे आयन अडवणारी व्यवस्था आहे का, आणि डायफ्रॅम सिरॅमिकचा आहे की उघड्या छिद्राचा. दही-चक्क्यासारख्या दाट मालात घट्ट पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचा, उघड्या छिद्राचा प्रोब कमी तुंबतो. दुसरा मार्ग म्हणजे ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचा द्रव भरलेला आणि हवेच्या दाबाखाली ठेवलेला प्रोब. त्यात लाइनच्या दाबापेक्षा ०.५ ते १ बार दाब जास्त ठेवतात, म्हणजे द्रव सूक्ष्म प्रमाणात बाहेर वाहत राहतो आणि छिद्र मोकळे राहते. तो दाब उतरला की उलट होते: दूध प्रोबच्या आत शिरते आणि प्रोब गेला.

काच फुटण्याची भीती रास्त आहे. आयएसएफईटी प्रकारात, म्हणजे काचेऐवजी सिलिकॉनची चिप असलेल्या प्रोबमध्ये, ती राहत नाही. तरीही त्याच्या रेफरन्सला डायफ्रॅम असतोच, तुंबण्याचा प्रश्न सुटत नाही, आणि धुलाईचा गरम कॉस्टिक सोडा अनेक चिपना काचेपेक्षाही लवकर खाते. काचेचाच प्रोब ठेवला तर शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी टोक डोळ्यांनी पाहून सही करायची. टोक तुटलेले सापडले तर शेवटच्या सहीपासून पुढचा सगळा माल अडवायचा. यात सवलत नाही.

गार दुधाच्या लाइनसाठी कमी तापमानाला चालणारी, कमी रोधाची काच मागा. थंडीत काचेचा विद्युतरोध वेगाने वाढतो आणि साधा प्रोब ४ अंशांना फार संथ होतो.

बसवण्याची जागा

पाइप कायम भरलेला असेल अशी जागा हवी. उभा पाइप, खालून वर जाणारा प्रवाह, हे उत्तम. काचेचा प्रोब आडवा किंवा उलटा लावायचा नाही. टोक खाली आणि आडव्या रेषेपासून किमान १५ अंश वर कललेला असा बसवा, नाहीतर आतला हवेचा बुडबुडा टोकात येऊन बसतो आणि आकडा उड्या मारतो. पंपाच्या सक्शनला नको, तिथे हवा ओढली जाते. होमोजिनायझरच्या उच्च दाबाच्या बाजूला तर मुळीच नको. पंपाच्या डिलिव्हरीनंतर, व्हॉल्व्हपासून थोडे दूर, हाताला सहज येईल अशा उंचीवर. शेवटची अट किरकोळ वाटते, पण शिडी लागणारा प्रोब कोणी साफ करत नाही.

पनीरसाठी आम्ल सोडता त्या बिंदूला लागून प्रोब ठेवला तर तो अर्धवट मिसळलेले दूध मोजतो. मध्ये स्टॅटिक मिक्सर द्या आणि त्यानंतर पाइपाच्या व्यासाच्या किमान दहापट सरळ लांबी सोडा.

सॉकेट वेल्ड करून घ्यायचे, आतला वेल्ड घासून गुळगुळीत करायचा आणि सॉकेटची खोली पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. खोल खिशात दूध साचते आणि सीआयपी तिथे पोचत नाही. चाकण-भोसरीच्या फॅब्रिकेटरला ड्रॉइंग देताना सॉकेटचा व्यास (बहुतेक प्रोबना २५ मिलिमीटर), कोन आणि ही खोली, तिन्ही लिहून द्या. ओ-रिंग मात्र मालाप्रमाणे घ्या: साध्या दुधाला ईपीडीएम चालते, पण क्रीमच्या लाइनवर ती स्निग्धांशाने फुगू शकते.

दह्याच्या टाकीत प्रोब खालच्या तिसऱ्या भागात, टोक भिंतीपासून ८-१० सेंटिमीटर आत जाईल असा लावा. भिंतीलगत जॅकेटचे तापमान वेगळे असते आणि तिथले दही टाकीच्या मध्यापेक्षा मागे किंवा पुढे असते.

शेवटी, प्रोबपासून हातभर अंतरावर सॅम्पल कॉक असलाच पाहिजे. तो नसेल तर पुढचे सगळे जुळवणे अंदाजाने होईल.

प्रोब दुधाने मरत नाही, कॉस्टिकने मरतो

१.५ ते २ टक्के कॉस्टिक, ७५-८० अंश, २०-३० मिनिटे, दिवसातून एक-दोनदा. हे रोज सोसणाऱ्या काचेचा वरचा थर झिजत जातो, स्लोप (एका अंकाला मिळणारे मिलिव्होल्ट) उतरतो, प्रतिसाद संथ होतो. अशा ठिकाणी काचेच्या प्रोबचे आयुष्य महिन्यांत मोजावे लागते. प्रोब पाइपातच ठेवून सीआयपी करणे चालते, पण वर्षाला किती प्रोब लागतील ते खर्चात धरा.

पर्याय दोन. पहिला म्हणजे हवेच्या दाबावर आत-बाहेर होणारे रिट्रॅक्टेबल होल्डर. सीआयपी सुरू झाली की प्रोब मागे सरकतो, त्याच्या छोट्या चेंबरमध्ये पाण्याने धुतला जातो आणि तिथेच बफर (ठरलेल्या पीएचचे द्रावण) किंवा पोटॅशियम क्लोराइडमध्ये थांबतो. महाग आहे, पण दिवसाला दोन सीआयपी असतील तर परवडते. ध्यानात ठेवायचे एवढेच की ते चेंबरही दुधाच्या संपर्कात येते, त्यामुळे त्याची स्वतःची धुलाई सीआयपीच्या कार्यक्रमात घातलीच पाहिजे. दुसरा पर्याय हाताचा: लाइन रिकामी करून प्रोब काढायचा, सॉकेटला स्टीलचा बंद प्लग लावायचा, प्रोब ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या टोपीत ठेवायचा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच नाही. त्याने रेफरन्समधले क्षार बाहेर ओढले जातात. प्लगवर प्रॉक्सिमिटी स्विच लावून तो लागल्याशिवाय सीआयपीचा पंप चालू होणार नाही असे इंटरलॉक करा, म्हणजे रात्रीच्या शिफ्टला विसरण्याची सोय राहत नाही.

सीआयपीच्या काळात ट्रान्समीटर होल्डवर, म्हणजे शेवटचा आकडा धरून, थांबला पाहिजे. आणि गरम धुलाईतून गेलेल्या प्रोबच्या पहिल्या २०-३० मिनिटांच्या आकड्यावर कोणताही निर्णय सोपवू नका. काच आणि रेफरन्स दोन्ही निवळायला तेवढा वेळ घेतात.

केबल आणि ओल

काचेचा रोध शेकडो मेगओहम असतो, म्हणून कनेक्टरमधला दवाचा एक थेंबही सिग्नल गळवायला पुरतो. तेव्हा मिलिव्होल्ट शून्याकडे जातात आणि पडदा ७ च्या आसपास अडकतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत आणि रोजच्या होजपाइपच्या माऱ्यात ही तक्रार वाढते. जमले तर डिजिटल प्रोब घ्या. त्यात सिग्नल प्रोबच्या डोक्यातच आकड्यात बदलतो आणि ओलीचा प्रश्न जवळपास मिटतो. ॲनालॉग असेल तर केबल छोटी ठेवा, पंपाच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलपासून दूर न्या आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली टीव्हीची कोॲक्स त्याला जोडू नका. पीएचच्या केबलमध्ये जाळीच्या आत एक काळा अर्धवाहक थर असतो. जोडणी करताना तो मधल्या तारेच्या इन्सुलेशनवरून काळजीपूर्वक सोलून काढावा लागतो. तो राहिला तरी आकडा ७ कडेच ओढला जातो आणि माणसे उगाच प्रोब बदलत बसतात.

ट्रान्समीटरचे ४-२० मिलिअँपिअर ० ते १४ वर पसरू नका. ३ ते ८ ठेवले तर एका अंकाला १.१ ऐवजी ३.२ मिलिअँपिअर मिळतात. बिघाड झाला की आउटपुट ३.६ किंवा २२ मिलिअँपिअरवर जाईल असे सेट करा. दुसऱ्या चॅनेलवर तापमान पाठवा.

कॅलिब्रेशन

बफर दोनच: ७.०० आणि ४.०१. आपला सगळा माल या दोघांच्या मधला आहे. ९ चा बफर आणू नका. तो उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बदलतो.

१. प्रोब पाण्याने विसळा आणि टिश्यूने नुसता टिपा. घासल्याने काचेवर स्थिर विद्युत येते आणि स्निग्धांश पसरतो.

२. बफर आणि प्रोब एका तापमानाला येऊ द्या. टाकीतून ४३ अंशांचा प्रोब काढून लगेच बफरमध्ये बुडवला तर स्लोप चुकीचा येतो. बफरचे मूल्य तापमानाप्रमाणे बदलते: ७.०० चा बफर १० अंशांना ७.०६ आणि ३५ अंशांना ६.९८ असतो. ट्रान्समीटरमध्ये त्याच कंपनीच्या बफरचा तक्ता निवडलेला आहे ना, ते पाहा.

३. आधी ७.००, मग विसळून ४.०१. प्रत्येक वेळी आकडा थांबेपर्यंत थांबा. मिनिटभरात थांबत नसेल तर कॅलिब्रेशन सोडून प्रोब साफ करायला घ्या.

४. स्लोप आणि ऑफसेट (७.०० च्या बफरमध्ये शून्यापासून किती मिलिव्होल्ट हटले ते) लिहून ठेवा. स्लोप ९५ ते १०२ टक्के आणि ऑफसेट उणे-अधिक १५ मिलिव्होल्टच्या आत, तर प्रोब ठणठणीत. स्लोप ९० च्या खाली गेला किंवा ऑफसेट ३० च्या पुढे, तर नवा मागवा.

वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही.

कॅलिब्रेशन आठवड्यातून एकदा पुरते. रोज करायची ती तुलना. लाइन चालू असताना सॅम्पल कॉकमधून आधी थोडे सोडून द्या, मग छोट्या थर्मासमध्ये नमुना घ्या. त्याच क्षणी ट्रान्समीटरवरचा पीएच आणि तापमान टिपा आणि दोन मिनिटांत, त्याच तापमानाला, हातातल्या मीटरने मोजा. फरक ०.०५ पर्यंत असेल तर काहीही करू नका. ०.०५ ते ०.१० असेल तर प्रोब साफ करून बफरमध्ये तपासा. ०.१० च्या वर गेला तर आधी हातातले मीटर तपासा, मग लाइनचा प्रोब काढा. लॅबशी जुळवण्यासाठी रोज थोडे थोडे फिरवत राहणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे: दोन आठवड्यांनी प्रोबची चूक कुठली आणि आपण घातलेली कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही.

साफसफाई कशाने

प्रथिनांचा थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ टक्का पेप्सिन, त्यात एक-दोन तास. दूधखडा, म्हणजे पांढरा खरखरीत थर, बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या ठिकाणी जास्त दिसतो. तो नुसत्या ०.१ मोलर आम्लात काही मिनिटांत सुटतो. तुपकटपणा असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. डायफ्रॅम काळा पडला असेल तर आम्लातले थायोयुरिया लागते. ते विषारी आहे, त्यामुळे हे काम उत्पादनाच्या जागेबाहेर, हातमोजे घालून करा आणि भरपूर विसळा. कोणत्याही सफाईनंतर अर्धा तास पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवून मगच कॅलिब्रेशन.

आलेख काय सांगतो

एका आकड्यापेक्षा त्याचा उतार जास्त बोलतो. दोन तास होऊन गेले आणि आलेख ६.४ वरच सपाट आहे, तर तापमान पाहा. ते ठीक असेल तर दुधात अँटिबायोटिक आहे किंवा विरजण दगावले आहे. आलेख नीट उतरता उतरता ५.५ जवळ अचानक आडवा झाला, तर फाजचा, म्हणजे विरजणाच्या जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूचा, संशय घ्या आणि पुढच्या टाकीला वेगळ्या रोटेशनचे कल्चर वापरा. गार करणे ४.६ ला सुरू केले तरी मोठी टाकी निवेपर्यंत आम्ल तयार होतच राहते. आपल्या टाकीत ते किती उतरते हे चार-पाच बॅचच्या आलेखांवरून काढा आणि तेवढे आधी कुलिंग सोडा.

बिघाड ओळखायला: आकडा ७ वर चिकटला, कुठल्याही बफरमध्ये हलत नाही, तर काच फुटली आहे किंवा कनेक्टरमध्ये ओल आहे. आधी टोक पाहा, कारण फुटले असेल तर माल अडवायचा आहे. बफरमध्ये बरोबर आणि पाइपात चूक, तर अर्थिंगचा दोष: पंप बंद-चालू करून आकडा उडी मारतो का पाहा. सगळ्यात संथ, दिवसेंदिवस एकाच दिशेने सरकणारा आकडा हा बुजलेल्या डायफ्रॅमचा.

पाडवा आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात श्रीखंडाची लाइन थांबवता येत नाही. त्याच्या महिनाभर आधी नवा प्रोब हातात असू द्या, पण दोन वर्षांचा साठा करू नका. काच कपाटातही म्हातारी होते. खोक्यावरची उत्पादनाची तारीख पाहूनच घ्या. लावायच्या आदल्या दिवशी टोपी काढून टोकाशी बुडबुडा नाही ना ते पाहा, असेल तर थर्मामीटरसारखा झटका. रात्रभर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा, सकाळी कॅलिब्रेट करा आणि स्लोप, ऑफसेट व तारीख प्रोबच्या केबलला टॅग करून बांधा.